घरच्या घरी धुरावरच्या पोर्क रिब्स: मऊ हव्यात, पण हाडाला धरून राहायला हव्यात

मिझुरीकाठ | १८ मे, रात्री ९:४०

मागे एका पाककृतीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की अमेरिकेत धुरावर करतात त्या रिब्स घरी जमतात का. तिथे दोन ओळींत उत्तर दिलं, पण मनाचं समाधान झालं नाही. हा दोन ओळींत उरकायचा विषयच नाही. पुढच्या शनिवार-रविवारला जोडून मेमोरियल डेची सुट्टी आहे, इथे घरोघरी शेगड्या पेटतील, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी अकरा वर्षं कॅन्सस सिटीत राहतो. या गावाची ओळखच धुरावरचं मांस. हेन्री पेरी नावाचा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ओक आणि हिकरीच्या जाळावर भाजलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकायचा. १९४० मध्ये तो गेल्यावर त्याच्या हाताखाली तयार झालेल्या चार्ली ब्रायंटनं धंदा सांभाळला आणि त्याच्यानंतर चार्लीचा भाऊ आर्थर ब्रायंटनं. आर्थरच्या नावाचं दुकान आजही चालू आहे.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी रिब्स केल्या त्या कडू झाल्या आणि चिवटही. शेजारी एक आजोबा राहायचे, बार्बेक्यूच्या स्पर्धांत उतरणारे. त्यांनी एक बरगडी चावून पाहिली आणि दोनच गोष्टी सांगितल्या: "तुझा धूर पांढरा होता, आणि तू लवकर उतरवल्यास." त्यानंतर मी जे काही शिकलो ते सगळं या दोन वाक्यांच्या पोटातलं आहे.

मांस कुठलं घ्यायचं

बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्याजवळच्या, आखूड आणि बाकदार बरगड्या. लहान डुकराच्या म्हणून 'बेबी' असं नाही, खालच्या बरगड्यांपेक्षा आखूड म्हणून ते नाव. स्पेअर रिब्स पोटाकडच्या, लांब, चपट्या, चरबी जास्त. त्याच स्पेअर रिब्सची छातीकडची कुरकुरीत मऊ हाडं काढून सरळ चौकोनी पट्टी केली की ती सेंट लुइस कट. मी नेहमी सेंट लुइसच घेतो. चरबी आणि जोडऊती जास्त असल्यामुळे चूक झाली तरी ती सांभाळून घेते, आणि पट्टी सपाट असल्यानं सगळीकडे सारखी शिजते. काढलेले तुकडे टाकू नका, तेही बाजूला धुरावर ठेवा. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात.

पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पाकिटांतल्या मांसात आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ जवळजवळ नकोच.

पापुद्रा

हाडांच्या बाजूला पांढरट, चकचकीत पडदा असतो. तो शिजून मऊ होत नाही, चामड्यासारखा होतो, आणि मसाला आत जाऊ देत नाही. एका टोकाच्या हाडावर बोथट सुरी खाली सरकवून तो उचला, कागदी रुमालानं घट्ट पकडा आणि ओढा. हातानं निसटतो, कागदानं निसटत नाही. बहुतेक वेळा एका ओढीत सबंध निघतो.

मीठ आणि मसाला

मीठ आदल्या रात्री लावून, न झाकता फ्रिजमध्ये. हाडांचं वजन बरंच असतं, म्हणून मीठ बेतानं: जाडसर मीठ असेल तर अर्ध्या किलोला अर्धा चहाचा चमचा, बारीक असेल तर त्याच्या निम्मं. चोळायचा मसाला सकाळी. आमच्या भागात ब्राउन शुगर, पाप्रिका, काळी मिरी, लसूण पावडर, कांदा पावडर, थोडी मोहरी, थोडं तिखट असा असतो. मिठाला आत शिरायला वेळ लागतो. बाकीचा मसाला वरच राहतो आणि त्याची साल तयार होते. म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवतो.

जाळ

या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. माझ्याकडे खास स्मोकर नाही. साधी २२ इंची, घुमटाच्या झाकणाची वेबर शेगडी आहे. (१९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या बोयाचा धातूचा गोळा अर्धा कापून ती बनवली. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये ते कामाला होते, तिथे बोया बनायचे.)

कोळशाच्या विटकुळ्या शेगडीच्या कडेनं अर्धवर्तुळात मांडायच्या, दोन खाली शेजारी शेजारी आणि त्यांवर दोन. याला इथे 'साप' म्हणतात. वर दर चार-पाच इंचांवर मुठीएवढं सुकं लाकूड: हिकरी, सफरचंद, चेरी किंवा पेकान. एकूण तीन-चार तुकडे पुरे. आठ-दहा विटकुळ्या वेगळ्या पेटवून, त्यांवर राखेचा थर धरला की सापाच्या एका टोकाला ठेवायच्या. मग जाळ हळूहळू पुढे सरकत जातो आणि पाच-सहा तास पुन्हा हात लावावा लागत नाही. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचं पसरट भांडं, त्याच्या वर जाळीवर मांस. झाकणाचं भोक मांसाच्या बाजूला, म्हणजे धूर मांसावरून फिरून बाहेर पडतो.

जाळीजवळ २२५ ते २५० फॅ. (१०७ ते १२१ से.) ठेवायचं. झाकणावरचा काटा उंचावरची हवा मोजतो, मांसाजवळची नाही. जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, शेगडीवर खर्च करण्याआधी यावर करा.

आता धूर. लाकडाला हवा कमी पडली की ते जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि दाट पांढरा धूर येतो. तो मांसावर काजळीसारखा बसतो आणि जिभेला कडवट, बधिर करणारा लागतो. चांगला धूर जवळजवळ दिसत नाही, उन्हात निळसर रेघ दिसते एवढाच. म्हणून झाकणाचं भोक पूर्ण उघडं, आणि उष्णता कमीजास्त करायची ती खालच्या भोकांनी. पेटवल्यावर पहिला पांढरा लोट जाऊ द्या, मगच मांस ठेवा. लाकूड पाण्यात भिजवू नका. पाणी आत शिरत नाही, वरवर राहून वाफ होते आणि जाळ गुदमरतो.

शिजणं

पहिले अडीच-तीन तास झाकण उघडायचं नाही. मांस गार आणि ओलसर असताना धूर चांगला धरतो, त्यामुळे खरी चव याच वेळात लागते. मग रंग बघा. जुन्या शिसवी फर्निचरसारखा तांबूस काळपट आणि मसाला बोटाला न लागणारा झाला असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, आत दोन टेबलस्पून सफरचंदाचा रस आणि थोडं लोणी, मांसाची बाजू खाली. जास्त ओतू नका, नाहीतर रस्सा होतो. एक-दीड तासानं उघडा, पुन्हा जाळीवर ठेवा, सॉस लावायचा तर शेवटची पंधरा-वीस मिनिटं. सॉसमध्ये साखर असते, आधी लावला की करपतो.

झालं हे कसं ओळखायचं? चिमट्यानं पट्टी एका टोकाकडून तिसऱ्या हिश्शाला धरून उचला आणि हलकेच हलवा. लोंबून कमान होते आणि वरची साल तडकते, तर झालं. ताठ राहिली तर अजून वेळ. दोन हाडांच्या मध्ये टूथपिक लोण्यात घुसल्यासारखी जायला हवी. आतलं तापमान १९५ ते २०३ फॅ. (९० ते ९५ से.) असतं, पण हाडाला टेकला की थर्मामीटर फसवतो, म्हणून रिब्समध्ये मी वाकवण्यावरच जास्त विश्वास ठेवतो.

एवढी उष्णता का, तर बरगड्यांत कोलॅजन भरपूर. ते ७० से.च्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि त्या जिलेटिनमुळेच मांस मऊ आणि रसाळ लागतं. ६३ से.ला मांस खायला सुरक्षित झालेलं असतं, पण चावलं जात नाही. चिवट लागलं की माणूस घाबरतो, "जास्त शिजलं" म्हणतो आणि उतरवतो. रिब्स चिवट असतील तर बहुतेक वेळा त्या कमी शिजलेल्या असतात.

विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

वसईची_लेक | १८ मे, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली! आमच्याकडे नाताळला डुकराचं मटण घरोघरी होतं, इंदियाल आणि सोरपोतेल. पण अख्खी पट्टी भाजलेली कधी खाल्ली नाही. पाप्रिकाऐवजी बाटली मसाला चालेल का? घरचा ताजा आहे, मे महिना आमचा मसाला कुटायचाच.

मिझुरीकाठ | १८ मे, रात्री ११:३०

ताई, चालेल काय, धावेल. फक्त बाटली मसाला आधीच भाजलेला आणि तिखट असतो, म्हणून निम्मा घ्या आणि तेवढाच किसलेला गूळ मिसळा. मंद आचेवर गूळ जळत नाही, साल छान धरतो. थेट निखाऱ्यावर धरलंत तर मात्र दोन मिनिटांत काळा होईल. आणि व्हिनेगर आहेच तुमच्या हाताशी. तासाभरानं रंग सुकल्यासारखा वाटला तर थोडं पाणी घालून शिंपडा.

तिखटजाळ | १९ मे, सकाळी ६:५०

सविस्तर लिहिलंय, आवडलं. पण फॉइलला माझा विरोध आहे. मी ह्यूस्टनला असतो. इथे मीठ आणि जाडी भरडलेली मिरी, बस्स. ओकचं लाकूड, २७५ फॅ. (१३५ से.), आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघड्यावर. सेंट लुइस कट साडेचार-पाच तासांत होतो. फॉइलमध्ये घातलं की तीन तास कमावलेली साल वाफेनं भिजते आणि मांस उकडल्यासारखं लागतं.

इंटरनेटवर सगळीकडे ३-२-१ चा मंत्र आहे: तीन तास धूर, दोन तास फॉइल, एक तास उघडं. बेबी बॅकला तो लावला की दोन तासांच्या फॉइलमध्ये त्याचा लगदा होतो. माझ्या बायकोच्या मैत्रिणीकडे तसंच झालं, हाड उचललं आणि मांस ताटात राहिलं. सगळे "व्वा" म्हणाले, मला वाईट वाटलं.

मिझुरीकाठ | १९ मे, सकाळी ७:३५

लगद्याबद्दल शंभर टक्के सहमत. ३-२-१ मोठ्या, चरबीदार स्पेअर रिब्सपुरतं ठीक, तेही २२५ फॅ.ला. बेबी बॅकला फॉइल पाऊण तासापेक्षा जास्त नको. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांतही हाडावरून गळून पडणाऱ्या रिब्स जास्त शिजलेल्या धरतात. जिथे चावा घेतला तेवढंच मांस यावं, आजूबाजूचं हाडाला धरून राहावं, असा तिथला कस.

पण फॉइल अजिबात नको यावर नाही पटत. मांस ६५ ते ७५ से.च्या आसपास आलं की अडकून बसतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि घाम आल्यावर अंग गार होतं तसं मांस गार होत राहतं. गुंडाळलं की बाष्पीभवन थांबतं आणि गाडी पुढे सरकते. तुम्ही २७५ ला करता, त्या आचेनं तो टप्पा तसाच पार होतो. मी २२५-२५० ला करतो आणि डिसेंबरातही करतो, बाहेर उणे दहा असतं. तेव्हा फॉइल नसेल तर जेवायला रात्रीचे दहा वाजतात.

तिखटजाळ | १९ मे, सकाळी ८:१०

उणे दहात शेगडी पेटवणाऱ्या माणसाशी वाद नाही घालत. मधला मार्ग सांगतो: फॉइलऐवजी खाटीक वापरतात तो तपकिरी जाड कागद, मेण नसलेला. वाफ थोडी निसटते, साल बऱ्यापैकी टिकते.

नानबा | १९ मे, दुपारी २:२०

थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे डुकराचं मांस म्हटलं की आई अजून म्हणते, "डोक्यात किडे होतात." मंद आचेवर पाच तास म्हणजे मांस इतका वेळ कोमटच राहतं ना? भीती वाटते.

ओपीडी | १९ मे, रात्री १०:१५

डॉक्टर म्हणून उत्तर देते, कारण हा गैरसमज महत्त्वाचा आहे. अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात: न धुतलेले हात, दूषित पाणी, सांडपाण्यावर पिकवलेली भाजी. म्हणून जन्मभर शाकाहारी राहिलेल्यांनाही तो आजार होतो. तुमच्या आईंची काळजी अगदी खरी आहे, फक्त वाट वेगळी आहे.

मांसाबद्दल म्हणाल तर अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ से. आणि वर तीन मिनिटं थांबणं ही मर्यादा ठरवली. रिब्स ९० से.च्या पुढे जातात. फक्त कच्चं मांस चिरलेली पाटी आणि चिमटा शिजलेल्या मांसाला लावू नका, आणि आदल्या रात्री मांस फ्रिजमध्येच ठेवा, ओट्यावर नाही.

अळूवडी | २० मे, सकाळी ९:००

शिकागोत फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीत कोळसा लावायला सोसायटीची परवानगी नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? कुकरला तीन शिट्या देऊन मग ओव्हनमध्ये भाजू का?

मिझुरीकाठ | २० मे, सकाळी ९:४५

कुकर नको. कोलॅजन विरघळेल, मांस मऊही होईल, पण चव पाण्यात उतरेल. त्या पाण्याचं सूप करणार असाल तर गोष्ट वेगळी. रिब्स करायच्या तर चव मांसातच राहायला हवी.

ओव्हन २७५ फॅ. (१३५ से.). मीठ-मसाला वरच्यासारखाच, मसाल्यात स्मोक्ड पाप्रिका. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून दोन तास, मग उघडून अर्धा-पाऊण तास, शेवटी सॉस लावून दोन मिनिटं वरच्या आचेखाली. वाकवून बघायची परीक्षा इथेही तीच.

गारवेल | २० मे, सकाळी १०:३०

अळूवडी, धुंगार द्या की. मी देते. शिजलेल्या रिब्स मोठ्या पातेल्यात, मध्ये स्टीलची वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप, लगेच घट्ट झाकण. तीन-चार मिनिटं. हा तुपाचा धूर आहे, लाकडाचा नाही, चव वेगळी येते, पण घरात वास दरवळला की समाधान होतं.

मिझुरीकाठ | २० मे, सकाळी ११:००

सुंदर सुचवलंत. निखारा गॅसवर फुलवा, खिडकी उघडी ठेवा, आणि एका निखाऱ्यापुरतंच. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो: कोळशाची शेगडी घरात, गॅरेजमध्ये, बंद गच्चीत कधीही पेटवू नका, आणि विझत आलेलीही आत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसं झोपेत जातात.

मुळशीकर | २० मे, रात्री ८:४०

मी पुण्याचा, मुळशीत थोडी शेती आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत हे करायचंच ठरवलंय. अडचणी अशा:

१. खाटीक सवयीनं बरगड्यांचे इंच-इंच तुकडे करतो.
२. विटकुळ्या मिळत नाहीत, बाभळीचा कोळसा मिळतो.
३. हिकरी-सफरचंद कुठून आणू? शेतात आंबा, पेरू, चिंच, बाभूळ आणि बांधाला वेडी बाभूळ आहे.
४. शेगडी नाही. एका ओळखीच्यानं लोखंडी पिंप देऊ केलंय.

मिझुरीकाठ | २० मे, रात्री ९:५५

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. सावकाश सांगतो.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: "पट्टी अख्खी, एक हात लांब, सत्तूर लावायचा नाही." आपल्याकडच्या डुकरांच्या बरगड्या बहुधा पातळ असतात, त्यामुळे साडेतीन तासांपासूनच वाकवून बघायला लागा.

पिंप आधी कशाचं होतं? रसायनाचं असेल तर नकोच. आतून रंग किंवा राळेचा लेप असेल तर नको. जस्ताचा मुलामा असेल तरीही नको, तापला की विषारी वाफ सुटते. खात्री नसेल तर पिंप सोडा, विटा घ्या. चिखल-सिमेंट न लावता चार बाजूंनी गुडघ्याएवढी भिंत रचा, वर लोखंडी जाळी, जाळीच्या वर आणखी दोन थर विटांचे, त्यावर पत्र्याचं झाकण (हाही जस्ताचा नको, साधा काळा पत्रा). खाली एक वीट काढून हवेला वाट, वर समोरच्या बाजूला झाकण बोटभर सरकवून धुराला वाट.

विटकुळ्या नाहीत म्हणून अडू नका. अमेरिकेतल्या कॅरोलायना राज्यांतले जुने लोक विटकुळ्या वापरतच नव्हते. ते बाजूला लाकूड पेटवायचे, त्याचे निखारे पडू द्यायचे आणि फावड्यानं थोडे थोडे मांसाखाली सरकवायचे. तुम्हीही बाजूला चूल मांडा. दर अर्ध्या तासानं एक-दोन फावडी निखारे, थेट मांसाखाली नाही, दोन कडांना. नारळाच्या करवंटीचा कोळसा मिळाला तर तो बाभळीच्या कोळशापेक्षा एकसारखा जळतो.

लाकूड: पेरू उत्तम. आंबा चांगला, पण वर्षभर वाळलेला. चिंच निखाऱ्यांसाठी. आणि गंमत बघा, तुमच्या बांधावरची वेडी बाभूळ म्हणजे टेक्सासच्या मेस्किटची सख्खी बहीण, एकाच कुळातली. तिचा धूर मात्र उग्र, पाच तास दिलात तर कडू होईल. निखाऱ्यांसाठी वापरा, धुरासाठी एखादाच तुकडा. कण्हेर, बिब्बा, शेर यांच्या फांद्या जळणात चुकूनही येऊ देऊ नका. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या, चीड-देवदारसारखं राळेचं लाकूड, काहीच नको.

तिखटजाळ | २० मे, रात्री १०:४०

वेड्या बाभळीबद्दल अनुमोदन. इथे मेस्किटवर आम्ही पातळ स्टेक भाजतो, दहा मिनिटांत काम संपतं. रिब्सना नको.

रानवाटा | २१ मे, दुपारी १:१५

माझं माहेर अलिबागकडे. मुळशीकरांची विटांची भट्टी वाचून पोपटी आठवली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, तोंडालाही पाला, मडकं उलटं आणि वर पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ. त्यातही झाकण उघडून बघत नाहीत. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजतं, त्यावरून ओळखतात. आजोबा ते दुरून ऐकून सांगायचे.

मिझुरीकाठ | २१ मे, दुपारी २:००

हे वाचून अंगावर काटा आला. इथल्या पिटमास्टरांचंही (भट्टी सांभाळणाऱ्या मुरलेल्या लोकांचं) असंच असतं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडल्याच्या आवाजावरून आच ओळखतात.

मुळशीकर | २५ मे, रात्री ११:२०

केल्या आज! दोन पट्ट्या, साधारण सव्वादोन किलो. खाटकाला तीनदा समजावलं. पापुद्रा ओढून काढताना पोरं टाळ्या वाजवत होती. पेरूचं लाकूड, बाभळीचे निखारे. रंग अप्रतिम आला. कापल्यावर आत सालीखाली गुलाबी कड दिसली, भावाला वाटलं कच्चं आहे.

पण खरं सांगतो, एक पट्टी छान झाली, दुसरी चिवट. साडेचार तासांनी दोन्ही एकदमच उतरवल्या. वडील ७८ वर्षांचे, कवळी आहे, त्यांना चिवट पट्टीतलं वाढलं गेलं आणि ते काही न बोलता ताटात तसंच ठेवून उठले. त्याची रुखरुख लागली आहे.

मिझुरीकाठ | २५ मे, रात्री ११:५८

आधी गुलाबी कडेबद्दल. ते कच्चं नाही. जाळातल्या नायट्रिक ऑक्साइडचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा मांसाच्या लाल रंगद्रव्याशी संयोग होतो आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. भावाला सांगा, स्पर्धेत लोक ती कड मिरवतात.

दुसरी पट्टी हवेच्या वाटेजवळ होती का? मुळशीत संध्याकाळी वारा सुटतो. त्या टोकाला वीस अंशांचा फरक सहज पडला असेल. दोन पट्ट्या एकाच जनावराच्या असल्या तरी एकाच वेळी होत नाहीत, म्हणून प्रत्येक वेगळी वाकवून बघायची आणि झाली तशी उतरवायची. राहिलेली चिवट पट्टी टाकली नसेल तर उद्या फॉइलमध्ये दोन चमचे पाणी घालून १३५ से.च्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. कोलॅजन अजून आत तसंच आहे, उरलेलं काम पूर्ण करेल.

आणि वडिलांसाठी: वर मी गळून पडणाऱ्या रिब्सना जास्त शिजलेल्या म्हटलं, ते विसरा. त्यांच्या वाटणीची अर्धी पट्टी कापून आणखी तासभर फॉइलमध्ये ठेवा, हाड नुसतं ओढलं की निघेल इतकी. घरात परीक्षक नसतात. शेजारचे आजोबाही शेवटच्या वर्षी तशाच खायचे, मीच करून द्यायचो.

मुळशीकर | २६ मे, सकाळी १०:१०

हो, दुसरी पट्टी वाटेजवळच होती. उरलेली आता ओव्हनमध्ये ठेवलीय.

मुळशीकर | २६ मे, दुपारी १:३०

वडिलांनी चार बरगड्या खाल्ल्या. हाडं ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवली आणि विचारलं, पुन्हा कधी करणार.

वसईची_लेक | २६ मे, दुपारी १:४५

हे वाचून डोळे भरले. मी रविवारी करतेय, बाटली मसाला आणि गूळ. भट्टी घराच्या मागे, वारा समुद्राकडून येतो. वाट कुठल्या बाजूला ठेवू?

मिझुरीकाठ | २६ मे, दुपारी २:२०

ताई, हवेची वाट वाऱ्याच्या बाजूला ठेवली तर निखारे भडकतील. भट्टीची पाठ समुद्राकडे करा, वाट विरुद्ध बाजूला, आणि समुद्राच्या अंगाला दोन विटा जास्त रचा. पट्ट्या दर तासानं अदलाबदल करा. जळण आजच घरात ओढून ठेवा, वळवाचा पाऊस सांगून येत नाही.